पॉइंट शून्य दोन

शिरोलीत लेथवर उभा असतो मी, पहिली पाळी.
खिशात वर्नियर,
पॉइंट शून्य दोनपर्यंत खरं सांगणारा.
शनिवारी रात्री तोच वर्नियर
गगनबावड्याला येतो, पतंगांसाठी.

विश्रामगृहाच्या मागं दोरीवर शालनची चादर,
पांढरी, रुखवतातली,
एका कोपऱ्यात तिनं भरलेलं डाळिंब.
दस्तगीर स्टुडिओतला जुना दिवा आणतो,
त्याला बॅटरी माझ्या गाडीची.
मग आम्ही गप्प.
धुकं उजेडात शिरतं, बाहेर पडतं.
खालच्या अंगाला रातवा चुक-चुक-चुक,
कुणीतरी दरीत बसून छिन्नी चालवल्यागत.

आधी येतात ते बारके, नाव नसलेले,
म्हणजे मला नाव माहीत नसलेले.
वहीत लिहितो:
राखाडी, पाठीवर उलटा सात.
वाळकं पान, पण चालतंय.
हिरवा, कण्हेरीवरचा, आला तो थेट दस्तगीरच्या चहात.

साडेबाराला चंद्रपतंग.
शेपट्या सोडत आला आणि डाळिंबावर बसला.
मी श्वास धरून वर्नियरचे जबडे उघडले,
न टेकवता धरले:
एकशे बारा पॉइंट चौसष्ट.
पंख थरथरत होते,
त्यामुळं शेवटचे दोन आकडे खोटे आहेत.
वहीत तसंच लिहिलंय.

दस्तगीर म्हणाला, याला तोंड नसतं.
खात नाही काही. आठवडाभर जगतो.
“मग आला कशाला?”
“जोडी हुडकत चालला असंल, भावा.
मधीच आपण दिवा लावून बसलोय.”
मी वायर काढली.
अंधारात बराच वेळ
चादरीवर काहीतरी फडफडत राहिलं.

रविवारी शालन ती चादर उन्हात धरते.
तांबूस डाग मोजते. सतरा.
कुणाचा कुठला ते विचारते,
आणि मला सांगता येत नाही.

गव्यासाठी अकरा वर्षं गेलो दाजीपूरला.
वाफ निघणारं शेण पाहिलं.
चिखलातला खूर मोजला, आडवा, उभा.
शेकरू दिसलं, धनेश दिसला, त्याच्या पंखांचा आवाज
इंजिन सुरू व्हायच्या आधीच्या सुस्काऱ्यासारखा.
एकदा पहाटे उदमांजर, पुलाच्या कठड्यावरून,
उशीर झालेल्या कारकुनागत.
गवा नाही.
डाफळे मामा दर वेळी म्हणायचे,
“आत्ताच गेला बघा.”
आणि मामा खोटं बोलत नसत.

मग पौषात, गुरुवारी, सव्वाआठला
कारखान्याच्या मागं गलका.
भिंतीवर पोरं, पोरांच्या हातात मोबाइल,
“नाद खुळा! नाद खुळा!”

तो उसातून आला होता.
कंपाउंड आणि भंगाराच्या ढिगामधे उभा,
गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे,
शाळेच्या पहिल्या दिवशी
आई फाटकातून परत गेलेल्या पोरासारखा.
एवढा मोठा. तोंडाला फेस.
खुराखाली लोखंडाचा कुरळा कीस चुरचुरत होता.
आत बारा लेथ एकदम ओरडत होते,
प्रत्येक ओरडण्याला त्याची कातडी हलत होती.

माझा हात सवयीनं खिशात गेला.
तसाच बाहेर काढला,
आत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

सुपरवायझर चव्हाट्यावर आणावं तसं बोलला.
अर्धा दिवस कापला.
पोरांना भिंतीवरून उतरवायला अकरा वाजले.
तो दुपारी ओढ्यानं नदीकडं गेला म्हणतात.
मी पाहिलं नाही, मी कास्टिंगचा ढीग संपवत होतो.

रात्री वही घेतली. तारीख घातली.
बुलबुल, दोन, घराच्या तारेवर.
धोबी, एक, नळाखालच्या पाण्याशी.
खालची ओळ मोकळी ठेवून बसलो.

शालनला वाटलं शाई संपली.
तिनं आतून दुसरं पेन आणून दिलं.