चोकचं बटण

शेवरले रंगाने हिरवी होती,
आई मात्र तिला पांढरा हत्ती म्हणायची.
कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगारापोटी
मालकाने बाबांच्या हातावर किल्ली ठेवली:
एक्कावन्न सालची, सहा सिलिंडर,
लिटरला पाच किलोमीटर, तेही उतार असेल तर.
दोन वर्षं ती चरईत बदामाखाली उभी.
बाबा रविवारी तिच्यात बसून पेपर वाचत.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर
राबोडीहून इस्माईल उस्ताद आले.
बॉनेट उघडून बराच वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले, "कर्णिकसाब, दिल अच्छा है हिचं.
पण भूक राजाची, आणि घर तुमचं."

मुंब्र्याच्या वळणावर उलटलेल्या भाजीच्या मॅटाडोरचं इंजिन
गोणपाटात गुंडाळून आलं.
मला त्याला कोथिंबिरीचा वास आला.
"डिझेलचा आहे, पोरी," उस्ताद म्हणाले.

मी नऊ वर्षांची. माझं काम बॅटरी धरणं.
"माझ्या तोंडावर नको, हाताकडे मार उजेड."
चेनपुली कुरकुरत राहिली, जुनं इंजिन हळूहळू वर आलं,
आणि खाली जी पोकळी राहिली
तिच्यात मी आणि गॅरेजमधला बाळ्या
दोघं उभे राहून बघितलं. मावलो.

मग तीन आठवडे काहीच जुळेना.
इंजिन आखूड, जागा लांब.
गिअरबॉक्सची भोकं एका गोलात, इंजिनची दुसऱ्याच.
शेवटी वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्या कुट्टीने
इंचभर जाडीची पोलादी तबकडी कातली,
एका अंगाला अमेरिका, दुसऱ्या अंगाला
पुण्यामार्गे आलेली जर्मनी.
सोयरिकीतल्या मध्यस्थासारखी ती,
दोन्हीकडची बोलणी खाणारी.

वीज सहा व्होल्टची होती, बारा लागली.
दिवे बदलले. रेडिओ बदलता येईना.
त्याची पिवळी पट्टी त्या दिवसापासून अंधारी,
तरी बाबांनी तो काढू दिला नाही.

डिझेलला चोक लागत नाही.
पण किल्ली फिरवून ते थांबतही नाही,
तार ओढून त्याचा घास तोडावा लागतो.
उस्तादांनी चोकचंच बटण घेतलं,
हस्तिदंती रंगाचं, बाबांच्या चिमटीएवढं,
आणि त्याची तार पंपाला बांधली.
जे ओढून ती जागी व्हायची
ते ओढून आता झोपायची.

पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.
गुप्तेकाकूंनी विचारलं, पिठाची गिरणी घातलीत का?
बाबा हसले.
रात्री आईला म्हणाले, "पूर्वी ती आली तरी कळायचं नाही."
आई म्हणाली, "पूर्वी ती जायची कुठे?"

त्यानंतर मात्र ती गेली.
कळव्याच्या पुलावरून, बेलापूर पट्टीतून,
मागच्या सीटवर कधी रसायनांचे कॅन,
कधी परीक्षेला निघालेली, ओकारी दाबून बसलेली मी.

परवा नेरुळहून एक संग्राहक आला.
लोहचुंबक लावून पत्रा तपासला,
गुडघ्यावर बसून नंबर वाचला.
"इंजिन जुळत नाही. ओरिजिनल कुठाय?"
खाडीत, म्हटलं. कळव्याच्या रेतीवाल्याने
होडी बांधायला नेलं होतं.
त्याने आकडा सांगितला. मी तो विसरले आहे.

"चालू करून बघू?" म्हणाला.
आधी हीटर, मी सांगितलं, वीसपर्यंत मोजा.
तो बारालाच थांबला. मी उरलेले आठ मोजले.
तिने काळा धूर टाकला, बदामावरचे कावळे उडाले,
डॅशबोर्डवरचा मुका रेडिओ थरथरला.

पुरे झालं तेव्हा त्याने किल्ली फिरवली,
काढून घेतली, खाली उतरला.
गाडी चालूच.
तो किल्लीकडे बघत उभा.
मी खिडकीतून हात घातला,
न बघता.