राळ

उल्हास मेस्तने यंत्र आणलं ते तांदळाच्या गोणीत,
वर सुतळीची गाठ, होडी बांधून ठेवतात तशी,
सोडवायला मला पाच मिनिटं लागली.
सत्त्याण्णवचा कॉम्प्युटर. गोव्यातल्या गोदीच्या लिलावातून
त्याच्या बापाने एका दुपारच्या हुक्कीत उचललेला.
"चलतला काय ह्यां?"
दाभोली नाक्यावरच्या माझ्या दुकानात
या प्रश्नाला मी होय म्हणत नाही.
बघते, म्हणते.

माझ्याआधी आत खारा वारा राहून गेला होता.
पत्र्याला पापुद्रे,
बॅटरी फुटून खालचं तांबं कळकलेलं,
पितळेत ताक राहिल्यावर येतो तो हिरवा.
याला आगळ लावू नये, त्यात मीठ असतं.
लिंबू चालतं, दोन थेंब, जुना टूथब्रश,
मग स्पिरिट, मग एक अख्खा दिवस ऊन,
शेजारणीच्या सुकटीपासून लांब, कारण मांजरं.

घड्याळाची चिप मेलेली.
चालू केलं की दर वेळी ते सांगायचं,
आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
कानशीने तिची पाठ कोरत गेले
आतल्या दोन तारा दिसेपर्यंत, श्वास धरून,
आणि बाहेर रुपयाएवढा सेल बसवला.

राहिलं ग्राफिक्स कार्ड.
पडदा ठण्ण करून उजळला,
आणि वरपासून खालपर्यंत हिरव्या पट्ट्याच पट्ट्या,
पलीकडे कोणीतरी आहे, एवढंच कळावं अशा.
मेमरीच्या आठ चिपा. एकेक बोटाने दाबली.
सहावीवर पट्ट्या दचकल्या,
दुखऱ्या जागी हात पडल्यावर माणूस दचकतं तशा.
चाळीस पाय, सगळे आत मुडपलेले.
मांडी घालून बसलेल्या पंगतीला
मधूनच उठवायचं, तर पान लवंडता कामा नये.
रत्नागिरीच्या भंगारातलं एक कार्ड होतं माझ्याकडे,
मुख्य चिप जळालेली, मेमरी धड.
त्याची एक घेतली.

उल्हास स्टुलावर मोबाईल बघत होता.
मी राळ लावली, गरम काडी टेकवली, धूर उठला.
त्याने मान वर केली.
"राळ?"
"राळ."
मग तो बोलतच राहिला.
फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा,
राळ आणि मुशीचं तेल कढवून वर ओतायचं.
बापाच्या सदऱ्याला हाच वास, लग्नाच्या पंगतीतसुद्धा,
आई लांब बसायची.
आता सगळ्या फायबरच्या होड्या,
त्यांचा वास डोक्यात जातो, घरात येत नाही.
मी काही बोलले नाही. एकोणतिसावा पाय चालला होता.

सहाला वीज गेली. साडेसातला आली.

पांढऱ्या रेघांची होडी.
बत्तीस फुटी, पोटाशी रुंद, नाळ उंच.
फिरवली तर दमत दमत फिरली,
आधी कणा, मग एकेक वाक,
कार्डाला प्रत्येक रेघ आठवावी लागत होती.
उल्हास जवळ सरकला.
"ही बांधलीच नाय," म्हणाला.
"बाबा म्हणायचो, हंयसर बरी दिसता,
पण पाण्याक विचारूक व्हया."

विचारायचं राहून गेलं की विचारलं आणि पाणी नाही म्हणालं,
ते त्याने सांगितलं नाही.
मी चिपेवर तांब्याची पट्टी बसवली,
तिच्यावर बोटभर पंखा,
मूळ बनवणाऱ्याला हे सुचायला हवं होतं.

उजव्या कडेला एक उभी ओळ अजून हिरवीच होती,
केसाएवढी.
"तीही जाईल, उद्या ये."
"रवांदे," तो म्हणाला,
"थोडा पाणी सगळ्याच होडयेत येता."

तारीख मी आजची घातली.
गोणीची गाठ त्यानेच मारली, न बघता.
झाकणाला तीन स्क्रू लागले,
चौथा तो गेल्यावर सापडला,
माझ्याच चपलेच्या तळाला, राळेत चिकटलेला.