वजा पाण्यातली सभा

फॉर्म किनारपट्टीचा होता.
उजनीच्या काठावर कसा आला, कुणी विचारलं नाही.
रकाना सहा : भरती-ओहोटीच्या वेळा.
रकाना सात : समुद्रापासूनचे अंतर.
गहिनीनाथ मल्लाव म्हणाला, लिव्ह सचिव,
ओहोटी फेब्रुवारीपासनं,
भरती पुण्यात पाऊस पडंल तवा.

मी लिहिलं नाही.
सोसायटीचा सचिव मी, दहावी पास,
कागदावर खाडाखोड मला चालत नाही.

त्या वर्षी धरण वजा सत्तावीस टक्के.
वजा म्हणजे काय, हे करमाळ्याच्या बँकेत
मी एकदा समजावून सांगितलं होतं :
पाणी असतं साहेब, पण हिशोबात नसतं.
तुमच्यासारखंच की मग, साहेब म्हणाले
आणि कर्जाचा कागद परत सरकवला.

जुनं गाव गाळातून वर आलेलं.
चावडीचा ओटा, बुजलेला आड,
एका उखळात मेलेला शिंगटा.
सभा तिथंच घेतली.
सभासद चव्वेचाळीस, हजर एकोणतीस.
दोघं-तिघं जाऊन आपापल्या बापाच्या जोत्यावर बसले,
कुणी सांगितलं नव्हतं.

विषय क्रमांक एक : वडाप जाळी.
कुणाकुणाकडं आहेत ते सगळ्यांना ठाऊक,
म्हणून सगळे विषय क्रमांक दोनवर बोलले.
काट्यातली मारामारी, बर्फाचा दर,
व्यापाऱ्याची उचल, जी फिटत नाही
म्हणून मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावानं.

तेव्हा सोजरबाई नगरे उठली.
शेअर नवऱ्याच्या नावावर,
नवरा मागल्या पोळ्याला गेलेला.
नियमानं ती सभेत नव्हतीच.
मी तसं म्हणालो.
"मग लिव्ह," ती म्हणाली, "मयत उठून बोललं."

ओच्यातून जाळ्याचा तुकडा काढला,
डोळ्यात करंगळी घालून बघितली. जाईना.
"सासऱ्यानं मला पयल्या दिवशी हेच शिकवलं.
चार बोटांचा डोळा.
त्यातनं सुटलं ते धरणाचं,
अडकलं ते आपलं.
ह्याच्यातनं काय सुटतंय?
नुसतं पाणी. तेबी गाळून.
आन् हे माझ्या बाळनाथाचं हाय."

बाळनाथ मागं बसला होता,
नखात रुतलेला चिलापीचा खवला काढत.
निघत नव्हता.

मत्स्य खात्याचे साहेब म्हणाले,
बंदी आहेच की शासनाची, ठराव कशाला?
अंबादास म्हणाला, बंदी हाय, गस्त कुठाय?
तुमची एक होडी, तिचं इंजिन गोडाऊनात.
साहेबांनी पाण्याकडं बघितलं.
पाणी बरंच लांब होतं.

ठराव : चार बोटं.
पण कुणाची? अर्धा तास गेला.
गहिनीनाथची बोटं म्हणजे नांगराचे फाळ,
माझी नुसती पेन धरणारी.
शेवटी सोजरबाईची धरायची ठरली.
तिनं शिक्क्याच्या पॅडवर चारी बोटं दाबली
आणि रजिस्टरात उमटवली,
जिथं सभासदाची सही येते तिथं.
मी तो रकाना खोडला नाही.

आषाढ-श्रावण होड्या उपड्या.
गस्त पाळीपाळीनं, डिझेल सोसायटीचं.
सात जण उठून गेले.
त्यांचीही नावं लिहिली. सातवं बाळनाथचं.

मग पुण्यात पाऊस झाला.
एका रात्रीत ओटा गेला, आड गेला,
सभेची जागा पंचवीस फूट खाली.
होड्या उपड्या राहिल्या. सगळ्या नाही.
एका रात्री गस्तीवर दगड आले,
अंबादासच्या भुवईला चार टाके पडले.
तिकडं व्यापाऱ्यानं उचलीचं व्याज वाढवलं.
ठरावात त्याच्याबद्दल काही नव्हतं,
असायला हवं होतं.

फॉर्म अजून ड्रॉवरात आहे. सात नंबर कोरा.
दिवाळीच्या आधी एका पहाटे
बाळनाथनं ऑफिसच्या खिडकीतून जाळं आत सरकवलं.
नवं होतं, हातानं विणलेलं. बोलला काही नाही.
मी रजिस्टर उघडलं,
त्याच्या आईच्या बोटांवर डोळा ठेवून बघितला.

साडेतीन भरला.

बाहेर तो थांबलाय की गेलाय, ते दिसत नव्हतं.
मी पेनाचं टोपण काढलं.