लिटरमागे

पारोळा रस्त्यावरच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची,
आकडा लिहायचा, आणि पुढच्या भरण्याला
किलोमीटरला लिटरने भागायचं.
अमळनेरच्या शाळेत गणित शिकवते, एवढं मला जमतं.
हिरव्या वहीत सहा वर्षांचे भागाकार:
तेरा पूर्णांक एक. बारा नऊ. तेरा.
डॉक्टर बेंडाळ्यांनी डोळे तपासायचे सोडले
तेव्हा मला विकलेली ही जुनी फोक्सवॅगन,
जिच्यात पाणी घालायला जागाच नाही,
वाऱ्यावर निवते आणि पाठीमागून बोलते.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला, हेमराज.
सोबत नवा एक्झॉस्ट,
चार नळ्या वळत वळत एका तोंडात मिळणाऱ्या.
"मावशी, इंजिनाला मोकळा श्वास. पेट्रोल वाचेल."
चोपड्याच्या वाटेला, तापीच्या पुलावर
केळीच्या ट्रकवाल्यांनी आम्हाला बाजू दिली.
खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं.
छपन्नाव्या वर्षी लोक वळून बघत होते.

मग वही.
अकरा.
दहा दोन.
नऊ आठ.
पंपावरच्या पोराला मी चोर म्हणाले.
त्याने मापाचा डबा आणून
माझ्यासमोर पाच लिटर मोजून दाखवले.
त्याची माफी अजून मागायची आहे.

सुपडू मिस्तरी बोरीच्या काठाला बसतो.
ऐकून घेतलं, पाना काही उचलला नाही.
दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली,
मग कार्बोरेटरखालच्या नळीकडे बोट केलं: "हात लाव, ताई."
जानेवारीची सकाळ. खाली इंजिन चटका देणारं,
आणि ही नळी ओली, गारढोण.
"रांजण थंडा काबर ऱ्हास?"
पाणी उडतं म्हणून.
"आठे पेट्रोल उडस. तिले ऊब नको का?"

जुन्या सायलेन्सरला अंगठ्याएवढी एक वाट होती,
धूर तिच्यातून वर जायचा,
गार नळीला शेकून परत यायचा.
नव्यात ते भोकच नाही.
पेट्रोलचा थेंब थेंबच राहतो, अर्धवट जळतो,
प्लगच्या टोकावर काजळ धरतं
आणि माझ्या वहीत तीन किलोमीटर बुडतात.
"धूर बाहेर काढानी घाई करी तुम्ही," सुपडू म्हणाला,
"जाता जाता त्याले एक काम व्हतं."

जुना सायलेन्सर भंगारवाल्याकडे सापडला,
ताडपत्री उडू नये म्हणून वर ठेवलेला.
ऐंशी रुपये.
सुपडूने क्लचची जुनी तार त्या वाटेत घातली,
निघाली ती मूठभर काजळी, दगडासारखी बसलेली.
म्हणजे डॉक्टरांच्या काळापासून ती अर्धी बंदच होती.
म्हणजे माझे सहा वर्षांचे तेरासुद्धा
पुरते तेरा नव्हते.
गणिताच्या बाईने हे कुणाला सांगावं?

आता तेरा सात येतात.
हेमराजला अजून कळवलं नाही.
त्याचा चकचकीत एक्झॉस्ट गच्चीवर आहे,
वालाचा वेल दोन नळ्यांपर्यंत पोचलाय.
मागच्या दोन शेपट्यांतून गाडी पुन्हा बारीक शीळ घालते,
ट्रकवाले बाजू देत नाहीत.
कधी कधी तापीच्या पुलावर
मी उगाच पाय दाबते.
ते पेट्रोल वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं,
अजून ठरलेलं नाही.