हद्दीची खूण

तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली.
दगड रोवले, चुना टाकला.
तुरळजवळच्या घवाळी भावांच्या बांधावर तीनदा गेलो;
तिन्ही वेळा बांध वीतभर पूर्वेला सरकलेला
आणि दोघेही शपथेवर उभे.

धाकूच्या विहिरीचं पाणी गार.
वीस पावलांवर बाबल्याच्या विहिरीतून वाफ.
गाव म्हणे, त्याच्या पोटातली आग.
तो म्हणे, भावाची करणी.
त्याची बायको काही म्हणत नसे,
तिला धुण्याला साबण निम्मा लागे.

मग चिपळूणची शमा मुकादम आली,
गळ्यात भिंग, हातात हातोडी.
वहाळाच्या कडेला होकायंत्र टेकवून म्हणाली,
काका, थर बघा. समुद्राकडे कलंडलेत.
इतकी वर्षं मी जमिनीच्या पाठीवरून चाललो,
कूस कधी पाहिली नव्हती.

खालून ओढ लागते, ती म्हणाली.
कातळ आधी वाकून बघतो,
लाखो वर्षं
तोंडातून शब्द काढत नाही,
मग एक दिवस
कड्कन.
एक बाजू खाली बसते, एक जागीच राहते.
सह्याद्रीही असाच?
तिथे आमचंही भांडण आहे, ती हसली,
कुणी म्हणतं खचला, कुणी म्हणतं वाकला,
आणि मग पावसाने कुरतडत मागे नेला.

पाणी भेगेने खोल उतरतं, तापतं,
भेगेनेच वर येतं.
किती वर्षांनी?
तुमच्या दाव्याहून जुनं असेल.

नकाशावर तिने शिसपेन्सिलीने रेघ ओढली:
उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी,
वाफेचे ठिपके साधारण एका दोरीत.
भ्रंश, ती म्हणाली.
तो बांधावरून जात नव्हता.
धाकूच्या गोठ्यातून तिरका,
शाळेच्या मैदानातून,
सातबारा न विचारता.
मी रोवलेले दगड
त्या रेघेपुढे अक्षतांसारखे वाटले.

हल्ली धाकूचा गुडघा धरतो.
तिन्हीसांजेला तो बांध ओलांडतो,
भावाच्या विहिरीचं कढत पाणी
तांब्याने गुडघ्यावर ओततो.
बाबल्या तेवढ्या वेळात
म्हशीचं काहीतरी काम काढून
आत जातो.

तारीख अजून पडते. संगमेश्वरला.
दोघे एकाच एसटीने जातात,
एक पुढे बसतो, एक मागे.