पित्त फुटलेलं

छत्तीस वर्षं मी कॉड निवडले.
पट्ट्यावरून मासा यायचा, हात ठरवायचा:
हा पहिल्या प्रतीचा, हा खारवायला, हा टाकून द्या.
डोक्याला विचारायला वेळच नसायचा.
कारखाना बंद पडला त्या वर्षी गुडघे गेले,
नवरा ओलेसुंदला बहिणीकडे गेला
तो तिकडेच राहिला.
हात मात्र इथे, माझ्यापाशी.
त्यांना पट्टा हवा होता.

म्हणून दीर्घिका.

बोत्सफ्योरला मे महिन्यात सूर्य मावळायचं सोडतो
ते थेट जुलै संपेपर्यंत. तारा औषधालाही दिसत नाही.
मी स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी ठोकते
आणि कुठल्याशा वाळवंटात काढलेले आभाळाचे फोटो
एकामागून एक बघत बसते,
माणसाच्या नजरेखालून एकदाही न गेलेले.
प्रश्न सोपे असतात. गोल की चपटी?
भुजा फुटल्यात? किती?
की यात काहीच नाही?

एकेचाळीस हजारांनंतर मोजणं सोडलं.

वेगळं दिसतं ते बहुतेक वेळा काही नसतंच.
उपग्रह गेल्याची रेघ, भिंगातलं भूत,
शेजारच्या ताऱ्याचा आगाऊ झगमगाट.
एकदा मी खुर्चीतून ओरडत उठले
तर ठिपका उडून दिव्यावर जाऊन बसला.

मग जूनमधली एक रात्र, म्हणजे लख्ख ऊन.
एक साधीच चकती, जराशी कललेली,
आणि तिच्या खालच्या अंगाला हिरवट डाग.
हिरवं फारसं नसतं आभाळात.
हात थांबला.
असा तो एकाच गोष्टीला थांबायचा:
चाकू चुकून पित्ताला लागला
की कलेजी अशीच हिरवी होते, एका कडेने,
आत झिरपत. कडूजहर. ती टाकायची असते.

मी लिहिलं, "याचं पित्त फुटलंय का?"

मिश्कोल्त्सचा चोंगोर, रात्रपाळीला ट्रामची चाकं तासणारा,
म्हणाला, भूतच असणार, पैज लावतो.
एलिनेड वेल्समधल्या एका शाळेत दोनशे मुलांचं रांधते,
भांडी घासून झाल्यावर तिने वीस वर्षांपूर्वीचा फोटो उकरून काढला,
दुसऱ्या दुर्बिणीचा.
डाग तिथेही होता. फिकट, पण त्याच जागी.
दोन काचांवर एकच ओरखडा पडत नाही.
चोंगोर पैज हरला; काय लावलं होतं ते कुणी विचारलंच नव्हतं.
इलोरिनच्या अडेकुन्ले मास्तरांनी वहीत अंतर मांडलं,
गुणलं, पुन्हा गुणलं, आणि कळवलं:
डाग आपल्या आकाशगंगेच्या निम्म्याएवढा आहे.
त्या दिवशी मी बटाटे करपवले.

मोठ्या दुर्बिणीची अकरा मिनिटं मिळायला आठ महिने गेले.
दोन तारखा ढगांनी खाल्ल्या.
मग एक आलेख आला, सपाट समुद्र
आणि मध्येच ताठ उभी एक डोलकाठी.
"ऑक्सिजन," संशोधक बाईंनी लिहिलं,
"प्रखर उजेडात न्हालेला. पण उजेड देणारं आता तिथे कोणी नाही."
चकतीच्या पोटात कधी काळी वणवा होता,
विझून तीसेक हजार वर्षं झाली असतील.
डाग दूर आहे. त्याला अजून बातमी नाही.

कारखान्याला कुलूप लागून नऊ वर्षं झाली.
दमट हवेत माझ्या कोटाला अजून माशाचा वास येतो.
हे मी चोंगोरला सांगितलं नाही.

त्याला एक लांबलचक क्रमांक मिळाला आहे.
आम्ही चौघं त्याला पित्तच म्हणतो.
छापून आलेल्या निबंधात सगळ्यांत शेवटी आमची नावं,
रागनफ्रिदमधलं एक अक्षर गळालेलं.
ते मी पेनाने भरलं आणि कागद फ्रिजवर लावला,
मासळीच्या भावांशेजारी.

आता पुन्हा मे.
घोंगडीचा एक खिळा निसटलाय,
रात्री बाराचं ऊन टेबलावर येऊन पडलंय.
पुढचा फोटो. दोन भुजा, सैल, पिळदार, कुठे डाग नाही.
हात म्हणतो, पहिल्या प्रतीची.

तसं बटण त्यांनी दिलेलं नाही.