रकाना सातवा

टेकाडे सरांचा मेल आलाय, विषयापुढे तीन उद्गारचिन्हं.
शुक्रवारपर्यंत भरून द्या.
विद्यार्थी सेवा विभाग, खिडकी क्रमांक तीन:
आपल्या विभागाशी आलेल्या संपर्कातून
विद्यार्थ्याच्या ठायी कोणते अध्ययन निष्पन्न झाले?
एक ते पाच गुण द्या. पुरावा जोडा.

निष्पन्न.
दोनदा वाचला मी हा शब्द
आणि उगाच शिक्क्याची शाई बघत बसले.

अठरा वर्षं झाली या खिडकीत.
काचेला खाली अर्धगोल कापलाय,
त्यातून येतात मनगटं, राख्यांचे उरलेले दोरे,
घामानं मऊ पडलेले फाईलचे कोपरे.
चेहरा बघायचा तर वाकावं लागतं
त्यांना, नाहीतर मला.

अनिकेत ढेबे पहिल्या वर्षी आला तेव्हा
वडिलांचा व्यवसाय, या जागी त्यानं टिंब दिलं होतं.
नुसतं टिंब. पेन टेकवून उचललेलं.
काय करतात रे?
मार्केटला असतात.
मार्केटला काय?
मागे रांग होती. तो काचेला म्हणाला, पाठीवर.
मग मीच लिहिलं, माथाडी, माझ्या अक्षरात.

तिसऱ्या वर्षी त्याचा फॉर्म आला:
माथाडी कामगार, कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे,
पुढे बिल्ला नंबरसुद्धा,
जो कुणी विचारलाच नव्हता.
याला किती धरू? चार? साडेचार चालत नाही.
आणि हे तो माझ्या विभागात शिकला
की वडिलांचा खांदा निखळला त्या दिवाळीत गोण्या मोजताना,
हे मी कुठल्या कागदावरून सांगू?

भाविका मढवी, तळवलीची.
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट काकानं कसा परस्पर विकला
हे सगळं तिनं मला अर्धगोलातून ऐकवलं,
उत्पन्नाचा दाखला का अडला त्याचं कारण म्हणून.
ठाण्याला तहसीलला चार खेपा.
पाचव्यांदा दाखला सरकवत म्हणाली,
मॅडम, तलाठ्याचा कागद आधी लागतो
हे पहिल्याच दिवशी बोलला असतात
तर माझी दोन प्रॅक्टिकलं बुडाली नसती.
रागानं नाही. सुटे पैसे मोजून द्यावेत तसं.

त्या रात्री पावण्याकडून वारा होता,
कंपन्यांचा तो गोडसर वास, खिडक्या लावून घेतलेल्या.
मुलाच्या चित्रकलेच्या वहीचं पान फाडलं आणि मार्करनं लिहिलं:
आधी तलाठी. मग तहसील. झेरॉक्स दोन.
अजून आहे ते खिडकीशेजारी, टेप तीनदा बदललीय.
विभाग विद्यार्थ्याकडून काय शिकला
याला रकाना नाही. मी वर-खाली शोधला.

समाधान सर्वेक्षण मात्र जोडलंय: शेकडा एक्याण्णव.
रिझवानची शिष्यवृत्ती मार्चमध्ये जमा झाली,
तो डिसेंबरातच गेला होता, रबाळ्याला, पॅकिंगला.
त्याला कुणी विचारलं नाही समाधानी आहेस का.
सर्वेक्षण उरलेल्यांचं होतं.

तर नेतृत्वगुण, चार. संवादकौशल्य, चार.
वेळेचं नियोजन, चार, कारण तीन दिले तर खुलासा लागतो.
सातव्यात लिहायचंय, इतर, असल्यास.
रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही.
मी टिंब दिलं.
घेतलं त्यानं.

बाहेर कुणीतरी नवीन पोरगी
भिंतीवरचं ते पान मोठ्यानं वाचतेय,
तलाठी या शब्दाशी थांबलीय,
मैत्रिणीला विचारतेय, हा कुठं बसतो गं?
जेवायला सात मिनिटं उरलीत.
डबा अजून उघडला नाही.
वाकून सांगते,
कागदावर पत्ता लिहायचा राहूनच गेला होता.